घाम न पिणारं कापड

माझी सून वृषाली सुरतेतच जन्मली, नवागामात वाढली. तिचे वडील आमच्यासारखेच अकोल्याकडून लूम चालवायला आलेले. तिचं बोलणं फार कमी. लग्न होऊन आली तेव्हा मला वाटायचं, हिला माझं काही पटत नाही म्हणून गप्प बसते. पुढं कळलं, ती साड्यांवर टिकल्या चिकटवताना मनात मोजत असते, आणि मी नेमकी तेव्हाच बोलायला जाते. कापडावरून बोट फिरवलं की ते कोणत्या जातीचं आहे हे ती सांगू शकते. मला ते तेव्हा काही मोठं वाटलं नाही. पस्तीस वर्षं सुरतेत काढलेल्या बाईला कापडाचं काय सांगता?

गेल्या थंडीत तिला साडेसातव्या महिन्यातच मुलगी झाली. वजन साडेबाराशे ग्रॅम. बत्तीस दिवस बाळ सरकारी दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. वृषाली तिथंच बाहेर पथारी टाकून. माझा मुलगा धम्मपाल बमरोलीला लूमवर, बारा तासांची पाळी. घरात मी एकटी, हातांना काम नाही. मग गोधड्या शिवल्या. चांगल्या सात. आमच्याकडं डाग पडलेल्या, काठ फाटलेल्या साड्यांना तोटा नसतो. जॉर्जेट, साटीन, असल्या मऊ की हातातून निसटाव्यात. बाळ घरी सोडताना सिस्टरनं सांगितलं, "जुन्या सुती कपड्यात ठेवा." मी मान हलवली आणि मनात म्हटलं, बाई, तुमच्या सुतीपेक्षा माझ्या गोधड्या मऊ आहेत.

बाळ घरी आलं ते सोळाशे ग्रॅमचं. अंगावर ओढायची ताकद नव्हती, म्हणून दर दोन तासांनी दूध काढायचं आणि वाटी-चमच्यानं पाजायचं. मधल्या वेळात आईच्या उघड्या छातीशी ठेवायचं. सिस्टर त्याला कांगारू म्हणायच्या. कुणाला बाळ बघायला आत घ्यायचं नाही, असंही सांगितलेलं. भिंतीपलीकडची उषाबाई खानदेशातली, माझ्या वयाची. ती झबलं-टोपरं घेऊन आली तर मी तिला दारातच थांबवलं. थांबवणं बरोबर होतं, पण मी ते जरा तोऱ्यात केलं. ती झबलं घेऊन परत गेली आणि नळावर मला बघून तोंड फिरवायला लागली.

आठ दिवसांनी, शुक्रवारी, दवाखान्यात वजन केलं. सोळाशे तीस. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. एवढ्या दिवसांत तीसच ग्रॅम? म्हणाले, पुढच्या शुक्रवारी सतराशे पन्नास भरली नाही तर परत दाखल करावं लागेल. रिक्षात वृषालीनं माझं मनगट धरलं ते नवागाम येईपर्यंत सोडलं नाही. घरी आल्यावर सांगितलं, शेजारच्या पेटीत एक बाळ होतं, आपल्या पोरीपेक्षा थोडं मोठं. एका सकाळी पेटी रिकामी होती आणि एक बाई ती पुसत होती. एवढंच सांगून ती दूध काढायला बसली.

सोमवारी दुपारी गार वारा सुटला होता. वृषालीनं चार दिवस डोक्यावरून पाणी घेतलं नव्हतं. मीच म्हटलं, जा, मी बघते. बाळाला एक सोडून दोन गोधड्यांत गुंडाळलं, वरून साटीनची घडी घातली आणि मांडीवर घेऊन बसले. गाठोड्यातून नाकाचा शेंडा तेवढा दिसत होता. मला वाटलं, किती शांत निजलीय.

ती ओल्या केसांनीच आली. गोधडीत हात घातला आणि तसाच ठेवला.

"आई, पाय गार आहेत."

"थंडीच आहे माय. माझेही गार आहेत."

तिनं गाठोडं सोडलं. आतलं झबलं ओलसर, गोधडीची आतली बाजू ओलसर, आणि तळपाय निळसर पडलेले. बाळ आत घामेजलं होतं आणि त्याच घामात गार झालं होतं. तळव्यावर टिचकी मारली तरी डोळा उघडेना. चमच्यानं दूध घातलं तर ते ओठाच्या कोपऱ्यातून गळ्यावर आलं.

मी रिक्षा बघायला उठले. वृषालीनं तोवर बाळाचं ओलं सगळं काढून, ब्लाऊज उघडून तिला छातीशी घेतलं होतं. म्हणाली, रिक्षा दारात उभी करा. घड्याळात पंधरा मिनिटं बघू. दूध गिळलं नाही तर अशीच छातीशी बांधून निघायचं. रिक्षावाल्याला उभं केलं. धम्मपालला फोन लावला, पण लूमच्या आवाजात फोन कुणाला ऐकू येतो?

"आता वरून गुंडाळायला कापड द्या," वृषाली म्हणाली. मी दुसरी गोधडी पुढं केली. तिनं ती घेतली नाही.

"आई, हे कापड घाम पीत नाही."

"मी शिवलीय ती."

"एक धागा काढा. तिकडं मोरीजवळ जाऊन पेटवा."

सुरतेतल्या लहान पोरीलाही ही परीक्षा माहीत असते. सूत असलं तर कागदासारखं जळून राख होतं. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा काळा कडक मणी होतो. मलाही माहीत होतं, कालपरवापासून नाही, पस्तीस वर्षं. धागा पेटवला. मणी झाला. उशीचा अभ्रा, मणी. चादर, मणी. वृषालीची ओढणी, मणी. शेवटी विहारात नेसायची माझी पांढरी साडी पेटीतून काढली. आमच्या ह्यांनी, भाऊरावांनी, नागपूरहून आणलेली, खरं सूत म्हणून. वीस वर्षं मी ती बायकांना कौतुकानं दाखवली. तिचाही मणी झाला. भाऊराव असते तर त्या दुकानदाराला शोधायला नागपूरला गेले असते.

सहा मिनिटं झाली होती. अख्ख्या घरात सुताचा एक धागा नव्हता. आमच्या ओळीत सुती नेसणारी बाई एकच, उषाबाई, अजून नऊवारी लुगडं सोडलं नव्हतं तिनं.

तिच्या दारात उभी राहिले. तिनं वर बघितलं, हातातली मेथी खाली ठेवली नाही.

"तवय मले दारमा उभी करी. आते मना उंबरठा बरा सापडना तुले?" तेव्हा तिला दारात अडवलं आणि आता तिचाच उंबरठा मला बरा सापडला, असा टोमणा.

"चुकलं माझं, उषाबाई. एक जुनं लुगडं द्या. पोरगी गार पडलीय."

मेथी तशीच टाकून ती उठली. धुवून धुवून विरलेलं, रंग उडालेलं लुगडं काढलं आणि माझ्या आधी आमच्या दाराशी पोचली. पण आत आली नाही. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि तिथूनच ते माझ्या हातात फेकलं.

मी ते दातानं फाडलं. वृषालीनं बाळाला त्यात छातीसकट बांधून घेतलं. मी बाळाचे पाय लुगड्यावरून मुठीत धरले. रिक्षावाल्यानं एकदा हॉर्न वाजवला, उषाबाईनं त्याला खानदेशी भाषेत काय सांगितलं ते लिहिण्यासारखं नाही. घड्याळाचा काटा बाराव्या मिनिटावर होता तेव्हा वृषालीनं चमचा पुन्हा ओठाला लावला. दूध आत गेलं. बाहेर आलं नाही. मी गळ्याकडं बघत होते. गळा हलला.

वृषाली तेव्हा रडली. आवाज न करता, पण चमचा सरळ धरून.

तरी ती त्याच रिक्षातून दवाखान्यात दाखवायला गेलीच. मी म्हटलं, आता कशाला? तिनं ऐकलं नाही. तपासून डॉक्टरांनी घरी पाठवलं.

मला तिनं एका शब्दानं बोल लावला नाही. तेच मला जड गेलं. संध्याकाळी मीच म्हटलं, बोल काहीतरी. तर म्हणाली, "चुकलं तर माझंही. बोटाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण तुम्ही सात शिवल्या होत्या." तिच्या न बोलण्याचा मला तेवढा एकदाच राग आला, आणि तो मी बोलूनही दाखवला. पुढं कापडाबद्दल काही असेल तर तोंडावर सांगायचं, असं ठरलं. तिनं लगेच सांगितलं की माझ्या अंगावरच्या साडीलाही बाळ लावायचं नाही. मग मीही पदर बाजूला करून बाळाला उघड्या छातीशी घ्यायला शिकले. पाळीवरून आला की आंघोळ करून धम्मपाल घ्यायचा. त्याच्या छातीवर ती बेडकासारखी पसरून निजायची.

शुक्रवारी दवाखान्यात सिस्टरनं तिला उघडी करून काट्यावर ठेवलं आणि आकडा स्थिर व्हायच्या आत पोरीनं मुतून घेतलं. सिस्टरनं पारडं पुसलं, पुन्हा ठेवलं. सतराशे चाळीस.

दहा कमी. वृषाली काट्याकडंच बघत राहिली.

मी म्हटलं, "सिस्टर, पुसलं ते तिचंच होतं. धरा ना ते पण."

डॉक्टर हसले नाहीत. कार्ड बघितलं, बाळाचे पाय हातात धरून बघितले, विचारलं, घरी काय बदललं? मी तोंड उघडणार, तेवढ्यात वृषालीच बोलायला लागली. गुजरातीत, भराभर, गोधड्यांपासून लुगड्यापर्यंत सगळं. माझं नाव कुठं घेतलं नाही, "अमे" म्हणाली, आम्ही. इतकं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

डॉक्टरांनी कार्डावर सतराशे चाळीस लिहिलं, खाली पुढच्या शुक्रवारची तारीख घातली आणि घरी न्यायला सांगितलं, "घरे लई जाओ."

वृषालीनं बाळाला छातीशी बांधलं. बाहेर रिक्षा लगेच मिळाली, पण तिनं ती सोडून दिली. दुधाची वेळ झाली होती. ती पायरीवर बसली, वाटी माझ्या हातात दिली आणि पाजायला लागली.