उंबऱ्यावर तांब्या दिसला पाहिजे

अहमदपुराहून मुखेडकडं जाताना डाव्या हाताला आत वळलं की गुरम्माचं गाव. नवरा शिवप्पा किराणा चालवायचा. तो गेला, लेक उदगीरला दिली आणि घरात गुरम्मा एकटी उरली. तेव्हा तिला एकटेपणाची भीती वाटत नव्हती. भीती शिरली ती बहात्तरच्या दुष्काळात.

त्या चैत्रात सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर होतं. घरात राहिली होती ती फक्त चालता न येणारी माणसं. गुरम्माच्या शेजारची कमलम्मा त्यातलीच. डोळ्यांनी अधू, कमरेतून गेलेली. सकाळी कामावर निघताना गुरम्मा तिला कामावर मिळालेल्या सुकडीचा घास भरवायची आणि दुपारी एकदा येऊन पाणी पाजून जायची.

एके दिवशी दुपारी मुकादमानं तिला अडवलं. मुकादम म्हणजे गावातलेच आप्पासाहेब, भल्यामोठ्या जमिनीचे मालक, आवाजाला धार.

"साहेब येणार हायत तपासणीला. आज कुणी हललं तर हजेरीतलं नाव कापीन," ते म्हणाले.

"कमलम्माला पाणी पाजून लगेच येते की."

"न्हाई म्हणजे न्हाई, वैनी."

गुरम्मा पुन्हा पाटी उचलून चालू लागली. दिवस मावळताना ती घरी आली तेव्हा कमलम्मा बाजेवरून खाली, गार पडलेली होती. पाण्याची घागर कोपऱ्यात, तोंडावर झाकण, भरलेली. बाजेपासून फार तर चार पावलं. कमलम्मा त्यातली दोन पावलं सरपटली होती.

लोक म्हणाले, म्हातारी सुटली.  पण दुसऱ्या दिवसापासून गुरम्मा ज्या घरात जाईल तिथं आधी पाण्याचं भांडं बघायची आणि न विचारता ते उचलून अंथरुणाच्या उशाला ठेवायची.

वर्षं गेली. लातूर जिल्हा झाला, तसं तिकडं काम निघालं. कचेऱ्या उठू लागल्या, डाळीच्या गिरण्या वाढल्या. गावातली तरणी माणसं बिऱ्हाडं घेऊन लातूर गाठू लागली आणि गल्लीत दारं उरली ती म्हाताऱ्यांची. त्यातच दोन-तीन वर्षांनी पावसानं पुन्हा पाठ फिरवली. विहिरींनी तळ दाखवला, टँकर सुरू झाला. गुरम्माला पुन्हा कमलम्माची घागर दिसू लागली.

तिनं नर्सबाईला गाठलं. पंचशीलाबाई आठवड्यातून दोनदा गावात यायची. गुरम्माला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती सांगत गेली आणि नर्सबाई लिहीत गेली. एकट्या म्हाताऱ्यांची नऊ घरं निघाली. प्रत्येकाच्या लेकाचा नाहीतर लेकीचा पत्ता, कुठलं औषध चालू आहे, कानानं ऐकू येतं का, सगळं एकेका कागदावर. तो कागद ज्याच्या त्याच्या घरी, दाराशेजारच्या कोनाड्यात. त्याच कोनाड्यात मीठ-साखरेची पुडी. आणि रात्री कडी घालायची नाही, दाराला सुतळी बांधायची, म्हणजे बाहेरून विळ्यानं कापता येईल.

"अन् उजाडलं की उंबऱ्यावर तांब्या ठेवायचा," गुरम्मा म्हणाली. "तांब्या दिसला की माणूस उठलं असं समजायचं. न्हाई दिसला तर आत जायचं."

यादीतल्या केवळाबाईनं नाक मुरडलं. "सकाळी सकाळी रिकामा तांब्या? अपशकुन की गं."

"मग चार दाणे जवारी टाक त्यात."

तशी बाकीच्यांनीही जवारी टाकायला सुरुवात केली. एकटे आप्पासाहेब ऐकेनात. बायको वारली होती, दोन्ही लेकं लातूरला, तरी दाराला आतून कडी आणि वर आडवा लाकडी आडणा.

"मी काय मरायला टेकलोय का? तुमच्या म्हाताऱ्यांच्या यादीत माझं नाव घालू नका."

गुरम्मा परत फिरली. त्या माणसाशी बोलायला तिला जड जायचं, पण तो एकटा होता हेही खरं. दोन दिवसांनी ती पुन्हा त्यांच्या ओट्याशी उभी राहिली.

"यादीत नका येऊ. पण माझे गुडघे गेले, नऊ घरं फिरणं व्हत न्हाई. सकाळची फेरी तुमी माराल का?"

आप्पासाहेब बराच वेळ पागोटं सारखं करत बसले. मग म्हणाले, "फेरी मारीन. पण मला कुणी काय शिकवायचं न्हाई."

"कोण शिकवायलंय?"

दुसऱ्या दिवसापासून काठी आपटत आप्पासाहेब गल्लीनं निघाले. दहाएक दिवसांत त्यांना या कामाची अशी गोडी लागली की कुणाचा तांब्या उशिरा आला तर दारात उभं राहून ओरडायचे. त्यांची फेरी झाली की गुरम्माला कळायचं, आज आप्पासाहेबही उठलेत.

वैशाखातल्या एका सकाळी ते धापा टाकत आले. "वैनी, केवळाबाईचा तांब्या न्हाई. हाका मारल्या, ओ देत न्हाई."

गुरम्मा विळा घेऊन निघाली. सुतळी कापली. आत केवळाबाई अंथरुणात निपचित पडली होती. रात्रभर ढाळ-वांती झालेली, डोळे खोल गेलेले, ओठांना पापुद्रे. विहिरीच्या तळाच्या गढूळ पाण्यानं घात केला होता. गुरम्मानं पुडी फोडली, उशाच्या तांब्यातल्या टँकरच्या पाण्यात कालवली आणि चमच्या-चमच्यानं पाजायला बसली.

"माझ्याच्यानं उठवेना गं," केवळाबाई पुटपुटली.

"उठू नको. पी."

तोवर आप्पासाहेब गावाबाहेर जाऊन टँकरवाल्याला आडवे झाले होते. पाणी उतरवायला अर्धा तास लागेल म्हणाला, तर त्याच्यावरही आवाज चढवला. आप्पासाहेब आणि टँकरवाला, दोघांनी केवळाबाईला बाजेवर घालून टँकरपाशी आणलं आणि पुढच्या सीटवर निजवलं. कोनाड्यातला कागद गुरम्मानं कमरेला खोचला.

अहमदपूरच्या सरकारी दवाखान्यात सलाइनच्या तीन बाटल्या लागल्या. डॉक्टर म्हणाले, दुपार झाली असती तर कठीण होतं. कागदावरच्या पत्त्यावर लातूरला तार गेली.

गुरम्मा आणि आप्पासाहेब बाहेर लिंबाखाली बसले. 

"त्या दिवशी तलावावर..." आप्पासाहेब म्हणाले आणि थांबले. "तुमाला सोडायला पायजे व्हतं मी."

बारा-तेरा वर्षं गुरम्मानं हे वाक्य मनात हजारदा ऐकलं होतं. आता ते खरंच आलं तर तिला राग सापडेना.

"सोडलं असतं तर गेले असते का, कोण जाणे," ती हळू म्हणाली. "लई दमले व्हते त्या दिवशी, आप्पासाहेब. तुमी न्हाई म्हणालात तवा मनात बरं वाटलं व्हतं घडीभर. हे मी कुणाला सांगितलं न्हाई."

आप्पासाहेबांनी मान खाली घातली.  मग ते उठले, रस्त्यापलीकडच्या हॉटेलातून चहा आणला आणि गुरम्माच्या हातात कप दिला.

संध्याकाळच्या एसटीनं केवळाबाईचा लेक व्यंकट आला. चार दिवसांनी तो आईला लातूरला घेऊन गेला. तिथल्या दोन खोल्यांत ती राहिली ती राहिलीच. गावाकडची चौकशी मात्र प्रत्येक पत्रात असायची.

आप्पासाहेबांनी दाराचा आडणा काढून सुताराला देऊन टाकला. यादीत नाव घालू का, असं पंचशीलाबाईनं विचारलं तेव्हा ते गुरगुरले, पण दोन्ही लेकांचे पत्ते त्यांनी नीट सांगितले.