कोपऱ्यातले दामूकाका

आमच्या घराण्यात आजवर भांडणं झाली ती शेताच्या बांधावरून, फणसाच्या झाडावरून आणि चवथीला आरतीचं ताट आधी कोणी धरायचं यावरून. लेन्सवरून भांडण लावणारा मी पहिलाच.

झालं असं. शशीआत्याच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या बहिणीच्या, लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. लग्न मुळगावच्या घरी लागलं आणि ती मांद्र्याला गेली. लग्नाचा आल्बम पहिल्याच वर्षी वाळवीने फस्त केला, त्यामुळे तो कोणी धड पाहिलेलाच नाही. इकडे डिचोलीतला एक जुना स्टुडिओ बंद होताना मी तिथला एन्लार्जर (निगेटिव्हमधून उजेड पाडून फोटो मोठा करायचं यंत्र) घरी आणून ठेवला होता. सोबत मिळालेल्या डब्यात एक चौकोनी निगेटिव्ह निघाली, बिस्किटाएवढी. उजेडात धरली तर मुंडावळ्या, मांडव आणि अख्खं आमचं घराणं! पुन्हा पुन्हा पाहिलं तरी समाधान होईना. उजव्या कोपऱ्यात खाली, झुलपांवरून ओळखू येणारे धाकटे दामूकाका वाकलेले दिसत होते आणि त्यांच्या पुढ्यात दोन काळे गोल. ते तांबे असावेत असं मी ठरवून टाकलं. लग्नघरात तांब्यांना काय तोटा?

शहाण्या माणसाने ती निगेटिव्ह पणजीला नेऊन स्कॅन केली असती. मी घरच्या ग्रुपवर जाहीर केलं की फोटो मी स्वतः, जुन्या पद्धतीने, मोठ्ठा छापणार आणि कार्याच्या दिवशी आत्याच्या दारात लावणार. आत्याने आनंदाने अर्धं मांद्रं बोलावलं.

यंत्राला सगळं होतं, फक्त लेन्स नव्हती. म्हणजे चूल होती, लाकडं होती, तवाच नव्हता. मग मी लेन्स शोधायला लागलो आणि हरवलोच. इंटरनेटवर एन्लार्जरच्या लेन्सवर जीव टाकणारी माणसं जगभर आहेत. मी विचारलं, सगळ्यात शार्प लेन्स कुठली? झालं. कोणी म्हणे चार काचांची नको, सहा काचांचीच घे. कोणी म्हणे आत बुरशी आहे का ते टॉर्च मारून बघ. दोघे तर एकमेकांचा बाप काढू लागले. मी मात्र एखाद्या कीर्तनात बसल्यासारखा तल्लीन. शेवटी पन्नास मिलीमीटरची एक लेन्स ठरवली, जिचं नाव सगळे हळू आवाजात घेत होते. ती कापसात गुंडाळून आली तेव्हा बायकोने, नीलिमाने, एकदाच उचलून पाहिली आणि एवढीशी काच एवढ्या मोठ्या घराण्याला पुरेल का म्हणून विचारलं. मी हसलो. (हे हसणं पुढे बरंच महागात पडलं.)

न्हाणीत डार्करूम केली. वॉशिंग मशीनवर एन्लार्जर, बादल्यांत रसायनं, वर चवथीच्या मखरातला तांबडा बल्ब. भिंगातून मधोमध बघितलं, तर नवऱ्याच्या फेट्याचा दोरान् दोरा मोजता येईल असा फोटो! मी मधोमधच बघत राहिलो. प्रिंट निघाली, तिचे चारही कोपरे पांढऱ्या धुक्यात विरलेले. मला ते फार कलात्मक वाटलं. वरच्या दोन कोपऱ्यांत माड होते, डावीकडे खाली ताशेवाल्याचा ताशा. त्यांची काही तक्रार नव्हती. उजवीकडे खाली दामूकाका होते. पौराणिक मालिकेत देव अंतर्धान पावतात ना, तसे ते गेले होते.

मी प्रिंट अभिमानाने ग्रुपवर टाकली, खाली कोण कुठे आहे त्याच्या यादीसकट. चुलत बहिणीने विचारलं, काका असे ढगात का? पाठोपाठ काका ग्रुपमधून बाहेर पडले. मग फोंड्याहून त्यांचा फोन आला.

"पन्नास वर्सां थांबून माका ढगात धाडलंस? फोटोत माका जागो नाय, तर मी मांडवात येवन काय करू?"

काका एकदा रुसव्याच्या झाडावर चढले की फणस पिकला तरी उतरत नाहीत. मी लेन्सबद्दल सांगू लागलो, तर फोन बंद. अर्ध्या तासात आत्याचा आला. तिने तर कार्यच मोडीत काढलं.

"दामू येवचो नसात तर माका कार्यच नको. तुजी ती काच खंय घालूची ती घाल."

आता मात्र मी घाबरलो. आत्या सगळ्या भावंडांत काकांना जास्त जपते. तिचा तो दिवस माझ्या शार्पपणापायी नासला असता. मी कागद बदलला, रसायन बदललं, निगेटिव्ह फिरवून लावली. कसंही करा, काका धुक्यातच. पण का, हे कळल्याशिवाय मला झोप येईना आणि न्हाणी अडल्यामुळे घरच्यांना आंघोळ मिळेना. शेवटी नीलिमा बादली न्यायला म्हणून आत घुसली आणि खालच्या पांढऱ्या कागदावर पडलेला उजेड बघत उभी राहिली.

"अवो, हो उजेड गोल आणि तुमची निगेटिव्ह चौकोनी. टोपाक झाकण ल्हान पडला."

तेवढंच होतं ते. पन्नासची लेन्स छोट्या फिल्मसाठी असते. बिस्किटाएवढ्या निगेटिव्हला ऐंशीची लागते, नाहीतर उजेड कोपऱ्यांपर्यंत पोचतच नाही आणि तिथला कागद कोराच राहतो. हे एकाही तज्ज्ञाने सांगितलं नव्हतं, कारण निगेटिव्ह केवढी आहे हे मी एकालाही सांगितलं नव्हतं.

ऐंशीची आली. तिच्यासाठी यंत्राचं डोकं बरंच वर न्यावं लागतं, ते गीझरला आपटलं. म्हणून सगळं जमिनीवर उतरवलं आणि मी पाटावर बसलो. काकांना निरोप धाडला, तर ते आत्यालाच घेऊन दारात हजर.

"आजकाल काँप्युटरार कोणाचाय तोंड कोणाकय लावतत. माज्या डोळ्यांदेखत छाप."

तांबड्या उजेडात आम्ही चौघं न्हाणीत दाटीवाटीने बसलो. कागद रसायनात सोडला. हळूहळू मुंडावळ्या उमटल्या, मग आत्याचं विशीतलं तोंड. आत्याने पदर डोळ्यांना लावला आणि मलाही भरून आलं. मग कोपरा उमटू लागला. काका कागदावर वाकले. फोटोतले काकाही वाकलेलेच होते, इतके की तोंड दिसतच नव्हतं, नुसते केस. आणि त्यांच्या पुढ्यातले ते दोन गोल पांढरेशुभ्र होत वर आले.

ते तांबे नव्हते. पाच वर्षांचा मी होतो, कॅमेऱ्याकडे पाठ करून, आणि माझी चड्डी घोट्यापाशी होती.

काका बादलीचा आधार घेऊन हसू लागले.

"अरे, फोटोवालो 'रेडी' म्हणलो आणि तुजी चड्डी खाली इली! ती वर काढूक मी वाकलंय!"

त्यांचा रुसवा तिथेच संपला. आपलं तोंड फोटोत नाही याचं त्यांना काहीच वाटलं नाही. मी घाईघाईने सुचवलं की कोपरा थोडा कापला तर चौकट जास्त उठून दिसेल. आत्याने डोळे पुसले.

"काय एक कापूचा नाय. माज्या भावान माज्या लग्नात काय केल्यान, ता लोकांनी बघूक होया."

कार्य थाटात झालं. फोटो दारातच होता. येणारा प्रत्येक माणूस आधी नवरा-नवरीला बघायचा, मग वाकून उजवा कोपरा, मग मला. काका बाजूला खुर्ची टाकून बसले होते आणि प्रत्येकाला नव्याने समजावून सांगत होते. लेन्स मात्र खरोखर उत्तम निघाली. कोपऱ्यापर्यंत एकसारखी शार्प.

आता कोणी मला विचारतं की एन्लार्जरला लेन्स कुठली घ्यावी, तर मी आधी विचारतो, कोपऱ्यात कोण आहे? उत्तर नीट आलं नाही, तर डोळे मिटून पन्नासची सांगतो.