दोन डाव्या चपला

नातू नव्या चपलांना तेल चोळत होता. त्या वासानं मी थेट कोल्हापूरच्या रिमांड होममध्ये पोचलो. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. देवळाबाहेर चपला चोरताना मी सापडलो होतो आणि तिथं मला शिकवलं काय, तर चपला करायला.

माझा पहिला जोड झाला तो दोन्ही डाव्या पायांचा. चामडं वाया गेलं म्हणून मी रडकुंडीला आलो. शिकवणारे मास्तर हसले. "रडतुयास कशाला? आता दोन उजव्या कर की."

असे दोन जोड झाले. एक रिमांड होमच्या मोठ्या साहेबांनी घेतला. शनिवारी ते मला सोबत घेऊन देवळात गेले आणि पायरीशी तोच जोड काढून त्यांनी माझ्यापुढं ठेवला.

"राखत बस. दर्शन घेऊन येतो."

रस्ता मोकळा होता. मी हललो नाही. साहेब फार भोळे आहेत, असं मला तेव्हा वाटलं होतं.