अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं

कांजूरमार्गच्या परबांच्या घरी दरवर्षी सत्यनारायण होतो, आणि पूजा झाली की देवाला गाऱ्हाणं घालायचं असतं. मूळची मालवणकडची माणसं, नुसत्या नमस्कारावर त्यांचं भागत नाही. घरचा कर्ता पुरुष नारळ हातात घेऊन उभा राहतो, काय हवं-नको ते देवाला मोठ्याने सांगतो, आणि एकेका मागणीला बाकीचे सगळे मिळून म्हणतात, "व्हय म्हाराजा." म्हणजे देवाला नाही म्हणायला फटच ठेवायची नाही.

हे काम म्हातारे काशीराम परब करायचे. आवाज असा, की खालच्या मजल्यावरचे लोक टीव्ही बारीक करून ऐकायचे. पण गेल्या वर्षी पूजेच्या सकाळी त्यांनी सांगून टाकलं, "माझी कवळी हलता आता. देवाक शब्द कमी आणि थुंकी जास्त जाता. ह्या वर्सापासून गाऱ्हाणा राजग्यान घालूचा."

राजग्या म्हणजे त्यांचा थोरला राजेश. अंधेरीच्या एमआयडीसीत लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतो. हात सोन्याचे, पण जीभ लहानपणापासून अडखळणारी. त्याची बायको सुलक्षणा स्वयंपाकघरातून शिऱ्याचा चमचा हातात घेऊन बाहेरच आली. राजेशने बापाकडे पाहिलं, नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि नाही हा शब्द काही वेळेवर आला नाही. झालं, ठरलं.

सुरुवात बरी झाली. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान तुझी पूजा मांडली हा, ती गोड मानून घे." व्हय म्हाराजा. "काय चूकभूल झाली आसात तर पोटात घाल." व्हय म्हाराजा. मग तो म्हणाला, "आणि माझ्या प्... प्... प्..." आणि तिथेच रुतला. डोळे मिटले, मानेची शीर तटतटली. काशीरामांचे धाकटे भाऊ आबाकाका पुढेच बसले होते. माणूस लोण्यासारखा, कुणाची अडचण त्यांना बघवत नाही. त्यांनी जोरात आरोळी ठोकली, "व्हय म्हाराजा." त्यांच्यामागून सगळ्यांनी ठोकली. नारळ फुटला, शिरा वाटला गेला, माणसं कौतुक करून घरी गेली.

पातेली घासताना सुलक्षणाने विचारलं, "अहो, पुढे काय मागायचं होतं?"

"दे-देवाला सांगायचं होतं. तुला कशाला सांगू?"

"देवाला तरी कुठे सांगितलंत?"

त्याने घासलेलं पातेलं उचलून फळीवर ठेवलं. तिच्या डोक्यात मात्र ते अर्धं गाऱ्हाणं चुलीवर ठेवून विसरलेल्या दुधासारखं राहिलं.

तशी ती चौकस बाई. मुलुंडच्या माहेरी तिला सगळे चौकशी ऑफिस म्हणायचे. लग्न झाल्यापासून नवऱ्याची जीभ हे तिला पडलेलं मोठं कोडं. भजनात हा माणूस कधी अडकत नाही. जिन्यातल्या मांजराशी बोलताना नाही. लिफ्टमध्ये माणसं अडकली, की बाहेरून त्यांना स्वच्छ सांगतो, "हलू नका, दार ठोकू नका, मी आहे इथे." आणि फोनवर स्वतःचं नाव सांगायचं म्हटलं, की पलीकडचा माणूस कंटाळून फोन ठेवतो. एकच जीभ, एकच तोंड. मग आत बसलेला तो दुसरा कोण? सासूबाईंना, द्रौपदीबाईंना, तिने एकदा विचारलंही होतं. त्या म्हणाल्या, "बापाक घाबरता तो." पण मग रिक्षावाल्याला का घाबरतो?

पूजेनंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या पाच वर्षांच्या लेकीच्या, प्रांजलच्या, शाळेतल्या बाई म्हणाल्या, मुलगी शब्दाचं पहिलं अक्षर दोनतीनदा म्हणते, लक्ष ठेवा. सुलक्षणाच्या लक्षात आलेलं होतंच, पण दुसऱ्याने म्हटल्यावर ते खरं झालं. राजेश तर त्या दिवशी जेवलाच नाही. द्रौपदीबाईंनी उपाय सांगितला, पोपटाने चोच मारलेला पेरू दे. सुलक्षणा म्हणाली, "आई, आपल्याकडे घारी आहेत हव्या तेवढ्या. पोपट कुठून आणू?"

शेवटी अंधेरीला, एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत, गंधाली नावाची मुलगी बोलण्याचे उपचार करते असं कळलं, आणि तिघं तिकडे गेली. गंधाली दिसायला कॉलेजातली वाटावी अशी. तिने प्रांजलबरोबर जमिनीवर बसून लाकडी भाजी कापली, भातुकली मांडली, आणि मधेच वर बघून राजेशला विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

"लिफ्टचं," सुलक्षणा म्हणाली.

"ताई, मी त्यांना विचारलं."

सुलक्षणाने तोंड मिटलं. आपण उत्तर दिलं हे तिला तेव्हा कळलं. राजेश "लि-लि-लि" करत राहिला, आणि गंधाली नुसती बसली. घड्याळाकडे नाही, खिडकीकडे नाही. दूध उतू जायची भीती नसलेली बाई बसते तशी. प्रांजल लाकडी गाजर हातात धरून बापाकडे बघत होती. त्याला पुरं होईपर्यंत कुणी बोलू दिलेलं तिने घरी फारसं पाहिलं नव्हतं.

मुलीबद्दल गंधाली म्हणाली, या वयात बऱ्याच मुलांचं असं होतं, पुष्कळांचं आपोआप जातं. घरात बाबांना आहे म्हणून आपण नीट लक्ष ठेवू. तिला 'सावकाश बोल' म्हणून टोकू नका, तुम्हीच सावकाश बोला. मग तिने विचारलं, "आणि बाबांचं काय करायचं?"

बाबांचं करून झालेलं होतं. लग्नाआधी घाटकोपरला एका क्लासला तो जायचा. तिथे शब्द लांबवून बोलायला शिकवत. क्लासात बातम्या सांगणाऱ्यासारखा बोले, आणि बाहेर चपला घालेपर्यंत सगळं विसरे. सर म्हणाले, इच्छाशक्ती नाही. तो शिक्का त्याने खिशात घालून आजवर सांभाळला होता. बाकी सगळ्या वस्तू हरवत, तो तेवढा हरवला नाही.

गंधालीने विचारलं, "छत्री हरवते का हो तुमची?"

सुलक्षणाला हसू फुटलं. पण या वेळी तिने राजेशकडे बघितलं, त्याने मान हलवली, आणि मगच तिने पोतं रिकामं केलं. छत्र्या, डबे, फ्रिजमध्ये सापडलेली किल्ली, उघडा राहिलेला नळ, आणि नाव सांगता सांगता पलीकडून बंद झालेले फोन. एक काम करता करता दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, आणि पहिल्यावरचा चहा गार. फक्त कुणी लिफ्टमध्ये अडकलेलं असलं, की हा माणूस बाणासारखा सरळ.

गंधाली म्हणाली, "ही दोन वेगळी दुखणी असावीत. एक अडखळणं. दुसरं, मन एका जागी न टिकणं, त्याला एडीएचडी म्हणतात. एकाने दुसरं होत नाही, पण राहतात एकाच घरात. बोलताना काय करायचं ते क्लासने शिकवलं, पण त्या क्षणी ते आठवायला मन जागेवर नको? ते तर पुढच्या वाक्याला पोचलेलं असतं. त्यात फोनची भीती, ती तिसरी. एकच टोक धरून ओढलं, की बाकीच्या गाठी आवळतात."

राजेशने विचारलं, "म्-म्हणजे मी आ-आळशी नाही?"

"मला तरी दिसत नाही," ती म्हणाली.

तिने मनाच्या डॉक्टरकडे चिठ्ठी दिली. घरी द्रौपदीबाईंनी कपाळाला हात लावला. "माझो झील काय येडो आसा?" काशीराम पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "येडो नाय. पण तेची छत्री खंय आसा ती इचार."

डॉक्टरांनी सगळं तपासून गोळी दिली. आणि काय गंमत, किल्ली खिळ्यावर सापडायला लागली. पण जीभ आणखीच अडकायला लागली. आधी शब्दाला अडकायचा, आता श्वासाला. सुलक्षणाच्या मनात आलं, एका पोराला खोकल्याचं औषध द्यावं आणि शेजारच्याने खोकावं, तसलंच हे. तिने गंधालीला फोन केला तो भांडायच्या तयारीने. गंधाली दचकली नाही. म्हणाली, काहींच्या बाबतीत होतं असं, गोळी मनाने बंद करू नका, मी डॉक्टरांशी बोलते. दोघं खरंच एकमेकांशी बोलले. औषध बदललं, मात्रा बदलली. काही आठवडे गेले, आणि किल्ली खिळ्यावर राहून जीभही थोडी सैल झाली.

बोलण्याचा सरावही गंधालीने कापून बारीक केला. अर्धा अर्धा तास बसायचं नाहीच. बूट घालताना एवढंसं, चहा उकळेपर्यंत एवढंसं. जे रोज होतंच, त्याच्या शेपटीला बांधायचं. आणि एके दिवशी गृहपाठ दिला, की भाजीवाल्याकडे जाऊन मुद्दाम अडखळा.

"मुद्दाम? अडखळायची शिकवणी?" सुलक्षणा म्हणाली.

राजेश हसत होता. "आयुष्यात प-पहिल्यांदा गृहपाठ सोपा आलाय."

ती मागे उभी राहून बघत होती. तो ठरवून "को-को-कोथिंबीर" म्हणाला. भाजीवाल्याने कोथिंबीर दिली आणि विचारलं, "और मिर्ची?" बस, एवढंच. आभाळ जागच्या जागी. ज्या अडखळण्याला लपवण्यात याने जन्म घालवला, त्याला चव्हाट्यावर आणलं तर त्याची किंमत कोथिंबिरीच्या जुडीएवढीही निघाली नाही. परतताना मिरच्या मात्र दुकानातच विसरला. गोळीला तरी किती कामं सांगायची.

सुलक्षणाचा गृहपाठ सगळ्यात कठीण. नवरा अडकला की गप्प राहायचं. शब्द तिच्या जिभेच्या टोकावर येऊन फुगडी घालायचे. ती पदराचं टोक दातात धरायची. पण गप्प राहिल्यावर एक नवल कळलं. इतकी वर्षं ती त्याची जी वाक्यं पुरी करत होती, त्यांतली बरीच त्याला तशी म्हणायचीच नव्हती.

असं करता करता पुन्हा पूजा आली. प्रांजलचं अडखळणं कमी झालं होतं, गेलं नव्हतं. राजेशचंही तसंच. काशीराम म्हणाले, "व्हया तर यंदा मी घालतंय." राजेशने नाही म्हणून मान हलवली. गेल्या वर्षीचं देवाकडे जायचं राहिलं होतं.

"सगळ्यांना मी सांगून ठेवते थांबायला," सुलक्षणा म्हणाली.

"नको. मी सांगतो."

आणि त्याने आबाकाकांना चक्क फोन लावला. सुलक्षणा चपाती लाटायची थांबली.

"का-का-काका, मी रा-रा..." पलीकडून काका "बोल, बोल" करत होते. हा थांबला, श्वास सोडला, पुन्हा आला. "राजेश. गाऱ्हाणं घालताना मी अ-अडकेन. मी झाला म्हणेपर्यंत व्हय म्हाराजा म्हणायचं नाही."

"अरे, मी तुका मदत केलंय रे," काका दुखावून म्हणाले.

"म्-माहीत आहे. पण देवाक माझा अर्धाच पोचला."

पूजेला खोली गच्च भरली. राजेशने नारळ घेतला. पहिल्या दोन मागण्या गेल्या, दोन्हींत अडकला, पण पळाला नाही. अडकला तिथेच उभा राहून शब्द हलकेच सोडवत होता. मग तीच जागा आली. "आणि माझ्या प्... प्..."

खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. आबाकाकांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं होतं, आणि वर काशीरामांनी त्यांचा गुडघा धरून ठेवला होता. सुलक्षणाच्या दातात पदर.

"...प्रांजलसाठी गेल्या वर्सा मी मागणार होतंय, की तिची जीभ माझ्यासारखी अ-अडकाक नको. ता आता मी मागणय नाय. ती अडको, नायतर न अडको. पण तिचा बोलणा पुरा होयपर्यंत थां-थां-थांबणारी माणसा तिका दी, म्हाराजा."

कुणी काहीच म्हणेना. झालं की अजून आहे? माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आबाकाकांचे डोळे बाहेर यायची वेळ आली.

"झ-झाला," राजेश म्हणाला. "आता म्हणा की."

"व्हय म्हाराजा." असा आवाज निघाला, की खालच्यांनी टीव्ही बारीक करायची गरजच उरली नाही. काशीरामांनी कोयता पुढे केला, राजेशने तो नारळावर उगारला. एवढ्यात आजीच्या मांडीवरून एक बारीक आवाज आला, "व्... व्... व्..."

कोयता वरच राहिला. सगळी खोली पोरीकडे तोंड करून बसली. तिला काही घाई नव्हती.

"व्हय म्हाराजा," प्रांजल म्हणाली.

"हां," काशीराम म्हणाले, "आता फोड."