मांजर धरायला माणूस नव्हता

मला वरवंडच्या भानुदासनं फसवलं. भानुदास माझा वर्गमित्र, माझ्याआधी ऑस्ट्रेलियाला गेलेला जनावरांचा डॉक्टर. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणी माझी समजूत घालायला येऊ नये.

निघालो त्या दिवशी पाटसच्या फाट्यावर अर्धं गाव जमलं होतं. माझे वडील, आबा, जीपची काच वर होईपर्यंत सांगत होते, "तिथल्या सायबासंगं भांडू नगं. हितं भांडतोस त्येवढं बास हाय." मला हसू येत होतं. आपली पदवी तिथं चालत नाही, पुन्हा परीक्षा द्यावी लागते, हे ठाऊक होतं. लेखी मी गावाकडूनच काढली होती. प्रॅक्टिकलचं विचारायला दौंडच्या एसटीडी बूथवरून भानुदासला फोन लावला होता. तो म्हणाला, "लेका, तू फकस्त सुई मार. धरायला माणूस असतो."

मला ते पटलं. आपल्याकडं डॉक्टर पोचायच्या आत मालकानं बैलाची शिंगं धरलेली असतात, शेजारी शेपटीशी असतो, आणि वाटेनं जाणाराही सायकल टाकून येतो.

परीक्षेत टेबलावर मांजर! पाटसला मांजर घेऊन दवाखान्यात कोण येतं? मी सुई भरली आणि परीक्षक बाईंना रुबाबात फर्मावलं, "मॅडम, होल्ड! टाइट!"

बाईंनी हात मागं बांधले. "डॉक्टर तुम्ही आहात," त्या इंग्रजीत म्हणाल्या. मांजर माझ्या खांद्यावरून कपाटावर गेलं आणि मी नापास झालो.

मग पोटासाठी तिथल्याच एका डेअरीत मशीननं धारा काढल्या. रविवारी बेवारस मांजरांच्या शेल्टरमध्ये ओरखडे खात धरायला शिकलो. दुसऱ्या खेपेला मांजर टॉवेलात असं गुंडाळलं, की बाई म्हणाल्या, "लव्हली!" पार्किंगमध्ये मी एकटाच नाचलो. मोठ्यानं शिट्टी मारली. कुत्री भुंकायला लागली!

संध्याकाळी भानुदासचा फोन. "आरं, मीबी पहिल्यांदा तिथंच आपटलो व्हतो. खरं सांगितलं असतं तर तू आला असतास व्हय?"

आज इथं ऑस्ट्रेलियात माझं क्लिनिक आहे, पाटी आहे, एका हातानं कुठलंही मांजर धरतो. पण गाव म्हणजे काय, ते त्या टेबलापाशी कळलं: हाक न मारता माणसं धरायला येतात ते. मागं राहिलेल्यांनो, ही श्रीमंती तुम्हाला दिसत नाही.

आणि भानुदास, मी आलो असतो की नसतो, हे ठरवणारा तू कोण? सुट्टीत आपण वरवंडला जाऊ, तेव्हा चार माणसांत बस आणि उत्तर दे.