भरावावरची मोकळी जागा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ म्हणून मी इतरांची टर उडवायचो. तरीही हे लिहितोय... कारण ते भर उन्हात, चारचौघांसमोर घडलं.

लढाईची वर्षं होती. मी ओव्हरसियर. उंब्रजजवळ हमरस्त्याला नवा फाटा जोडायचं काम माझ्याकडे होतं. लष्करी ट्रक गावात अडकायचे, म्हणून वरून सारखा तगादा. त्यात आमचा रोलरच लष्कराने उचलून नेला! आता मातीचा भराव दाबायचा कशाने? शेवटी माण तालुक्यातून मेंढरं घेऊन आलेल्या बिरा धनगराला गाठलं. पाणी मारलेल्या मातीवरून त्याची मेंढरं फिरवायची — त्यांच्या खुरांनी माती अशी घट्ट बसते की बघत राहावं. काम उरकून मला साताऱ्याला पळायचं होतं. बायको बाळंत झाली होती, मुलीचं तोंड मी अजून पाहिलं नव्हतं.

पण भरावाच्या मधोमध एका जागी कळप फुटायचा आणि दोन्हीकडून वळसा घालून पुढे जायचा. मध्ये माणूस मावेल एवढी मोकळी जागा. तिथली माती भुसभुशीतच राहिली.

“सायेब, हितं कोनतरी हुबं हाय बगा,” बिरा म्हणाला.

“मीच उभा राहतो की! बघू कोण ढकलतंय.”

मजुरांसमोर ऐटीत जाऊन त्या जागेत उभा राहिलो. काही झालं नाही. मी बाजूला झालो तशी मेंढरं तिथून सरळ गेली. सगळे हसले, मीही हसलो.

जरा वेळाने कळपातूनच तंबूकडे निघालो. मेंढरं उजवीकडून माझ्या पायांना घासून जात होती. डावीकडून मात्र एका माणसाची जागा सोडून... मी थांबलो, ती जागाही थांबली. भराभर चाललो, तर सोबत आली. खोटं कशाला सांगू, तंबूत जाऊन मी रडलो.

फाटा सुरू झाला, ट्रक धडधडत गेले. मी मात्र घरी जाईना. बिराचा कळप अजून जवळच्याच शेतात बसत होता; रोज त्यातून चालून बघायचो, जागा असायचीच. हे तान्ह्या पोरीच्या पाळण्याशी न्यायचं?

“लेकीला कवा बगनार, सायेब?” बिराने एकदा विचारलंच. मी सगळं सांगून टाकलं.

तो म्हणाला, “तुमी तितं हुबं ऱ्हायलासा, तवा तुमच्यासंगं आलं. आता मी तुमच्या शेजारी हुबा ऱ्हातो. माजी पोरं हाताशी आल्यात.”

“अरे नको, बिरा...”

“आवं, गप ऱ्हावा.”

तो माझ्या डाव्या अंगाला येऊन उभा राहिला. त्याच्या बायकोने कळप हाकला. मेंढरं आली आणि माझ्या दोन्ही पायांना धक्के देत, आमच्या दोघांच्या मधूनसुद्धा घुसली! मी लोकरीत हात खुपसून ओरडलोच, “गेलं रे, गेलं!”

मग बिराकडे पाहिलं. त्याच्या हातची भाकरी खाणारी लाडकी मेंढी लांबूनच त्याच्याकडे बघत होती. त्याने हाक घातली. पुन्हा घातली. एकही जवळ आली नाही.

ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही. कुणी वाचकाने सांगितलं तर उपकार होतील.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या मोटारीतून मला बिरा आणि त्याची बायको दिसली. बायको कळप घेऊन पुढे गेली होती. बिरा खूप मागे, एकटाच. सगळा रस्ता रिकामा होता, तरी तो अगदी कडेला सरकून चालला होता... शेजारी कुणालातरी जागा ठेवून.