आधाराशिवाय चालते

"सलवार वर घे," डॉक्टर म्हणाले. "अजून वर. आता चालून दाखव."

खोलीत माझ्याखेरीज सात माणसं. टेबलामागे डॉक्टर. त्यांच्या बाजूला तीन शिकाऊ डॉक्टर. दारात पुढच्या नंबरचे नवरा-बायको. आणि माझी आई. मी सतरा वर्षांची. दोन वर्षांची असताना ताप आला, त्यात डावा पाय वाळला. तो पाय मी आईशिवाय कुणाला दाखवलेला नव्हता. शाळेत भर एप्रिलच्या उकाड्यातही मोजे घालून बसायची. आणि इथे दोन्ही हातांनी सलवार धरून सात माणसांसमोर उभी होते.

दारापासून खिडकीपर्यंत सहा पावलं. मी एरवी चालते ती डावा हात गुडघ्यावर दाबून, दर पावलाला कंबरेतून वाकून. हात सोडला तर गुडघा मागे जातो आणि कधी कधी मी सरळ खाली बसते. पण तिथे तिघांतला एक शिकाऊ डॉक्टर माझ्याकडे बघत होता. माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठा असेल. मला त्याच्यासमोर वाकायचं नव्हतं. मी हात लावला नाही. दात आवळले आणि सहा पावलं टाकली. कधी नव्हे ती सरळ चालले.

"बघा," डॉक्टर त्या तिघांना म्हणाले, "चालते की चांगली. सवलत म्हटली की या लोकांचे सगळ्यांचे पाय दुखायला लागतात."

ते तिघे हसले. आईसुद्धा हसली. तिला वाटलं, माझं कौतुक चाललंय.

त्याआधी काय झालं होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही मालवण तालुक्यातल्या आतल्या गावातून पहिल्या एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी आलो होतो. बारावी झाली होती. मला कुडाळच्या कॉलेजात शिकायचं होतं. घरापासून एसटीचा थांबा अर्ध्या तासावर, चढ-उताराची, दगडी पायऱ्यांची पाखाडी. रोज ते जमणारं नव्हतं. कुडाळात मुलींचं वसतिगृह होतं आणि तिथे अपंग मुलींसाठी राखीव जागा होत्या. त्यासाठी हवा होता अपंगत्वाचा दाखला. दाखला मिळाला तर शिक्षण, नाहीतर घर. इतकं सरळ होतं.

गडबडीत आधार कार्ड घरी राहिलं. देवाच्या फळीवर. खिडकीतल्या माणसाने फॉर्म बघितला आणि परत सरकवला.

"आधाराशिवाय चालणार नाही."

आईचा चेहरा उतरला. "ओ दादा, घराक रवला तां. लांबसून इलाव आमी. गेल्या खेपेक चलला होता."

"आत साहेबांना विचारा. त्यांना चालत असेल तर मला काय."

मग तीन तास बाकावर. आई सारखी तेच पुटपुटत होती. साहेबांना काय सांगायचं, कसं सांगायचं, हात जोडायचे की नाही. आमचा नंबर आला तेव्हा तिच्या डोक्यात दुसरं काही उरलंच नव्हतं.

डॉक्टरांनी मान वर केली नाही. फॉर्मवर पेन टेकवून विचारलं, "आधाराशिवाय चालते का?"

आईने हात जोडले. "चलता साहेबांनू, चलता! आजवर खंयच अडला नाय. सगळीकडे आधाराशिवायच चलला."

आमच्या मालवणीत माणूस चलता, बाई चलता, आणि कागद चालत असला तर तोही चलता. सगळ्याला एकच शब्द. डॉक्टर माझ्या पायाबद्दल विचारत होते. आई कार्डाबद्दल उत्तर देत होती. मला कळलं होतं. मी शाळेत मराठी शिकलेली, मला त्याच क्षणी कळलं होतं. पण सतरा वर्षांची मुलगी डॉक्टरांसमोर आईला कशी चूक ठरवणार? मी तोंड उघडू की नको करत होते तोवर ते म्हणाले, सलवार वर घे.

दाखल्यावर आलं: तीस टक्के. आणि शेऱ्याच्या रकान्यात: आधाराशिवाय चालते.

एसटीत मी तो वाचून दाखवला. आईने कागद कपाळाला लावला. "बघ, लिवन दिल्यानी. आधाराशिवाय चलता म्हणान. साहेब बरो माणूस गो." मी खिडकीबाहेर बघत राहिले. तीसचा अर्थ तेव्हा मलाही माहीत नव्हता, पण शेऱ्याचा माहीत होता. तो मी तिला सांगितला नाही.

सांगितला वसतिगृहाच्या बाईंनी. टेबलावर काच, काचेखाली देवाचे फोटो, बाजूला चहाचा कप. बाईंनी दाखला बघितला. "चाळीसच्या खाली आहे. चाळीस लागतात. अपात्र."

आईला वाटलं, बाईंनी नीट वाचलं नाही. ती पुढे झाली आणि शेऱ्यावर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण मी एसटीत कुठली ओळ दाखवली होती ते तिच्या लक्षात होतं. "बाईंनू, हयसर बघा. लिवलेला आसा. आधाराशिवाय चलता!"

बाई थांबल्या. मग त्यांना कळलं. त्या हसायला लागल्या. आतल्या खोलीकडे वळून हाक मारली, "अहो, जरा बाहेर या, हे ऐका." दोघं बाहेर आले. एकाच्या हातात बिस्किटाचा पुडा होता.

"मावशी, परत सांगा. काय लिहिलंय?"

आणि माझ्या आईने परत सांगितलं. या वेळी मोठ्याने. तिला वाटलं मोठे साहेब आले, आता काम होणार. तिघंही हसले. एकाला तर खोकला लागला. मग बाईंनी डोळे पुसत समजावलं. "मावशी, आधार म्हणजे काठी, कुबडी, कुणाचा हात. तुमची मुलगी त्याशिवाय चालते असं तुम्हीच सांगितलंत ना? मग ती अपंग कशी? जागा कशी देणार?"

आईने कागदावरचं बोट काढलं. पदराला पुसलं. माझ्याकडे बघितलं नाही. ते बोट मला अजून दिसतं. भाकरी थापताना स्वतःचंच बोट बघते आणि ते दिसतं.

कॉलेज तिथेच संपलं. दुसरं कुठलंही कारण नाही. पुढची वर्षं मी घरात बसून काजूगर सोलले. ओल्या काजूचा डीक, म्हणजे चीक, बोटांना लागतो, कातडी निघते, खोबरेल चोळत बसायचं. त्या कामाला पाय लागत नाहीत, म्हणून ते माझ्या वाट्याला.

आईने त्या दिवसानंतर ऑफिसात बोलणं सोडलं. रेशनच्या दुकानातही मला पुढे ढकलायची. "तू बोल. माझ्या तोंडाक काय समाजना नाय." बडबडी बाई होती ती. सगळ्या वाडीला हाका मारत जायची. लोकांना नवल वाटायचं. घरात मात्र काजू सोलता सोलता मध्येच हात थांबवायची आणि विचारायची, "तेव्हा मी गप रवलंय असतंय तर?"

वर्षानुवर्षं विचारलं तिने. मी म्हणायची, "सोड गे आये." एवढंच.

खरं मी तिला सांगितलं नाही. की डॉक्टरांनी तिच्या शब्दावर टक्के लिहिले नाहीत. त्यांनी चालून दाखवायला सांगितलं होतं. आणि मी हात न लावता चालले होते. एका अनोळखी मुलासमोर वाकायची लाज वाटली म्हणून. ती सहा पावलं माझी होती. आईने सगळा दोष स्वतःच्या जिभेवर घेतला, मी घेऊ दिला, आणि ती तशीच गेली. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात तिला भुकेबिकेचं विचारलं की मान हलवायची. नर्सने विचारलं, "मावशी, बरं वाटतंय का?" तर माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणजे हिला विचारा. मला स्वतःची घृणा वाटली. अजून वाटते.

आई गेल्यावर घर बंद केलं. कुडाळात स्टेशनजवळ एका मैत्रिणीबरोबर खोली घेतली आणि झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात कामाला लागले. तिथे मला ही भाषा कळली. लोक फॉर्म घेऊन यायचे आणि मी रकाने वाचायची. 'दैनंदिन क्रिया स्वतः करू शकतात: होय / नाही.' माणूस मान ताठ करून म्हणायचा, होय. त्याला वाटायचं, नाही म्हटलं तर लाज. आणि त्या होयवर त्याची मदत जायची. 'मदतनीसाची आवश्यकता' म्हणजे गडी ठेवणं नव्हे, बायको रोज आंघोळ घालते तीही मदतच, हे एका म्हाताऱ्याला सांगितलं तर त्याने दुकानातच डोळ्याला पंचा लावला. 'निराधार' म्हटलं की मुलगे असलेल्या बाया चिडायच्या, "माझे झिल आसत, निराधार कित्या म्हणतास?" सगळे माझ्या आईसारखे. स्वतःच्या माणसाची बाजू राखायला जायचे आणि कागदावर त्याचाच घात व्हायचा. आणि तो कागद बनवणाऱ्यांपैकी एकालाही कधी वाटलं नाही की प्रश्न नीट विचारावा.

मी फेरतपासणीचा अर्ज केला.

खोली तीच. डॉक्टर वेगळे, तरुण, घाईतले. मान खाली.

"आधाराशिवाय चालता का?"

माझ्या कानाशी आईचा आवाज आला. चलता साहेबांनू, चलता. इतका स्पष्ट की मी बाजूला बघितलं. खुर्ची रिकामी होती.

"कसला आधार?" मी विचारलं.

त्यांनी मान वर केली. "म्हणजे?"

"काठीचा, भिंतीचा, की स्वतःच्या हाताचा? नीट विचारा, मग सांगते."

"तुम्ही आधी चालून दाखवा."

"नाय," मी म्हटलं. मालवणीतच निघालं. मग म्हटलं, "आधी मी सांगते ते लिहून घ्या. मग दार लावा, पडदा ओढा. मग चालते."

"मागे लोक थांबलेत, मॅडम."

"मग लवकर लिहा."

ते चिडले. काय लिहायचं ते आम्ही ठरवतो म्हणाले. मी म्हटलं, टक्के तुम्ही ठरवा, माझ्या पायाचं काय होतं ते मी सांगणार. आणि सांगितलं. हात गुडघ्यावर दाबल्याशिवाय दहा पावलं जात नाही. जिन्याला कठडा नसेल तर बसून चढते. संडासात खाली बसले तर कशाला तरी धरल्याशिवाय उठता येत नाही. भरलेली कळशी दोन हातांनी उचलून चालता येत नाही, एक हात पायालाच लागतो. त्यांनी फॉर्म पुढे ओढला. मग लिहायला लागले. मग दार लागलं. मी माझ्या चालीने चालले. वाकून, हात दाबून, मला पाहिजे तेवढा वेळ घेऊन.

पंचावन्न टक्के आले. खाली लिहिलं होतं, तात्पुरते, पाच वर्षांसाठी.

"तात्पुरतं काय साहेब? पाय की कागद?"

"सिस्टीममध्ये तसंच येतं."

"मी दोन वर्षांची होते तेव्हापासून हा पाय असाच आहे. पाच वर्षांनी तो उगवणार आहे का? बदला." मी खुर्चीवरून उठले नाही. बदललं. कायमस्वरूपी.

मला आनंद झाला नाही. परतीच्या एसटीत मी रडले ती रागाने. दोन शब्दांचं काम होतं. कसला आधार? एवढंच त्या पहिल्या माणसाने माझ्या आईला विचारलं असतं. वसतिगृहाच्या जागेला आता माझं वय बसत नाही, आणि ज्या बाईला हा दाखला दाखवायला हवा होता ती नाही.

तेव्हापासून तपासणीच्या दर बुधवारी मी दुकानातून सुट्टी घेते आणि खिडकीसमोरच्या बाकावर जाऊन बसते. येणाऱ्यांना सांगते, आत काय विचारतील आणि त्याचा अर्थ काय. परवा आंबोलीहून एक बाबा आले होते, लेकीला घेऊन. मुलगी पंधरा-सोळाची, एका बाजूने लुळी. मी म्हटलं, "बाबांनू, सगळा जमता म्हणान सांगा नको. जमना नाय ताच सांगा."

ते भडकले. "लोकांसमोर माझ्या चेडवाक पांगळा म्हणू काय?"

"म्हणा नको. वेणी कोण घालता तिची?"

"तिची आवस."

"आणि भात कालवक?"

मुलगीच बोलली. "आये कालवन देता." मग मी तिलाच म्हटलं, "तू सांग आत. बापाशीक विचारल्यानी तरी तूच सांग." ती आत गेली. दार लावून घ्या म्हणणारा तिचा आवाज मला बाहेर ऐकू आला.

थोड्या वेळाने खिडकीतला माणूस माझ्याकडे आला. "बाई, तुम्ही लोकांना शिकवून पाठवता. साहेबांनी सांगितलंय, पुढच्या बुधवारपासून इथे बसायचं नाही."

"तसं लिहून द्या," मी म्हटलं. "कारण लिहा. खाली सही आणि शिक्का."

तो आत गेला आणि परत बाहेर आला नाही.

बुधवारी मी जाणार आहे. लिहून दिलं तर तो कागद जोडून वर तक्रार करीन. नाही दिलं तर बाकावर बसेन. बाक उचलून नेला तर जमिनीवर बसेन. उठायला मला वेळ लागतो, आणि तो वेळ त्यांनी मोजावा.